ऑफिसात लागतो, पुण्याहून लागत नाही: रिमोट डेस्कटॉपचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज कुठे चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब तुम्ही बघता. मिस्टरांची बदली झाली म्हणून पुण्याला गेलात, आणि मालक म्हणाले की काम सोडू नका, घरून करा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ प्रो आहे, टॅली त्यावरच आहे. निघण्याआधी ऑफिसात बसूनच लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून दुसरा कॉम्प्युटर चालवायची विंडोजची सोय, लावून बघितला, पहिल्या झटक्यात लागला. पुण्यात येऊन तोच पत्ता टाकला, १९२.१६८.१.२५, तर जोडता येत नाही असा संदेश. मग कुणीतरी राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं बाहेरून आत यायचं दार, उघडायला सांगितलं. कारखान्यातल्या मुलाकडून तेही करून घेतलं, कारखान्याचा बाहेरचा पत्ता टाकून बघितला, तरी काही फरक नाही. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, जायला हवा, म्हणून तुम्ही विचारताय की राउटरमधलं कोणतं सेटिंग राहिलंय.

माझ्या मते राउटरमधलं काहीच राहिलेलं नाही. उलट जो पोर्ट उघडलाय तो आजच्या आज बंद करायला सांगा. का, ते पुढे सविस्तर सांगतो. मी सोलापुरात वीसेक वर्षं हेच काम करतोय. चादरी-टॉवेलचे कारखाने, नवी पेठेतली घाऊक दुकानं, सीए मंडळींची ऑफिसं, सगळीकडे हीच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी ऐकली आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा तर दिवसभर फोनवर एवढंच चालू होतं.

रिमोट डेस्कटॉप लागत नाही म्हटलं की मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलंय? फोटो काढून पाठवा. कारण अडचण दोनच ठिकाणी असू शकते. एक, तुमचा लॅपटॉप त्या कॉम्प्युटरच्या दारापर्यंत पोचतच नाही. दोन, दारापर्यंत पोचतो, पण आतला माणूस ओळख पटवून घेत नाही. पहिल्या प्रकारात विंडोज तीन कारणं एकाखाली एक लिहून देतं: रिमोट ॲक्सेस चालू नाही, कॉम्प्युटर बंद आहे, किंवा तो नेटवर्कवर सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात यूजरनेम-पासवर्ड चालला नाही असं स्पष्ट येतं. हा दुसरा संदेश आला की मला बरं वाटतं, कारण म्हणजे वाट मोकळी आहे, फक्त किल्ली चुकली आहे. लोक मात्र पहिल्या संदेशावर पासवर्ड बदलत बसतात आणि दुसऱ्यावर राउटर उघडून बसतात. तुमचा संदेश पहिल्या प्रकारचा आहे, म्हणून पासवर्डाला सध्या हातही लावू नका.

आता तो १९२.१६८.१.२५ हा पत्ता बघू. घराघरातले आणि ऑफिसातले राउटर आपापल्या आतल्या कॉम्प्युटरांना असे नंबर वाटतात. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे, आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, हे सगळे फक्त आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले पत्ते आहेत. 'दुसरा मजला, डावीकडची खोली' एवढं सांगितलं तर त्या इमारतीतला माणूस बरोबर पोचतो. तेच पुण्यातल्या रिक्षावाल्याला सांगितलं तर तो कुठे नेणार? त्यातही तुमच्या पुण्याच्या राउटरनेही बहुतेक १९२.१६८.१ हीच मालिका वापरलेली असणार. म्हणजे तुम्ही पत्ता टाकता तेव्हा लॅपटॉप तुमच्याच फ्लॅटमध्ये २५ नंबरची खोली शोधतो, ती तिथे नसते, आणि तो हात हलवत परत येतो. सोलापूरपर्यंत तुमची हाक गेलेलीच नाही.

मग पोर्ट उघडून, कारखान्याचा बाहेरचा पत्ता टाकूनही का लागलं नाही? इथे एक परीक्षा घ्या. कारखान्यातल्या मुलाला राउटरच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या मथळ्याखालचा आयपी पत्ता वाचायला सांगा. मग त्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधायला सांगा. दोन्ही नंबर एक असतील तर कारखान्याला स्वतःचा बाहेरचा पत्ता आहे. वेगळे असतील, किंवा राउटरवरचा नंबर १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला आहे. जगभर पत्त्यांचा तुटवडा आहे म्हणून कंपन्या असं करतात. याला सीजीनॅट म्हणतात, आणि १००.६४ पासूनची ती मालिका २०१२ मध्ये खास याच कामासाठी बाजूला काढली गेली. अशा जोडणीवर तुम्ही आपल्या राउटरचं दार कितीही उघडा, त्याच्या पुढे कंपनीचं फाटक आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नाही. मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या राउटरचं तर जवळजवळ नेहमी असंच असतं. तुमच्याकडे हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. खात्री या दोन नंबरांवरूनच होईल.

यावर लोक म्हणतात, मग जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा बाहेरचा पत्ता, घेतो, झालं. पैसे भरले की मिळतो, आणि पोर्ट उघडला की लागतोही. पण तसं करू नका असं मी हात जोडून सांगतो. आमच्या गावातल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे असंच केलेलं होतं. माझं काम नव्हतं, मला नंतर बोलावलं. त्यांनी स्टॅटिक आयपी घेतला होता, ३३८९ उघडा ठेवला होता, आणि पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे १२३. सोमवारी सकाळी दुकान उघडलं तर टॅलीचा डेटा, एक्सेलच्या फाइली, स्कॅन केलेली बिलं, सगळ्यांच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागलेलं, आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी एक चिठ्ठी. बॅकअप होता, पण ती हार्ड डिस्क कायम त्याच कॉम्प्युटरला लावून ठेवलेली, त्यामुळे तीही गेली. मी इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटीची नोंदवही बघितली तर ४६२५ नंबरच्या नोंदी पानंच्या पानं. ४६२५ म्हणजे फसलेला लॉगिन. ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, अकाउंट्स, टॅली, यूजर१, मिनिटामिनिटाला कुणीतरी बाहेरून एकेक नाव लावून बघत होतं. शेवटी एक लागलं. त्या घरातल्या सूनबाई आणि दोन कारकून कित्येक आठवडे छापील बिलांचे गठ्ठे घेऊन एकेक नोंद पुन्हा टाकत होते. ते बघितल्यापासून मी कुठल्याही गिऱ्हाइकाला हा पोर्ट उघडून दिलेला नाही.

३३८९ ऐवजी दुसरा कुठला तरी नंबर ठेवला की सापडत नाही, हा समज पण सोडून द्या. शोधणारी यंत्रं सगळे नंबर ठोठावून बघतात. आणि दर वेळी पासवर्ड ओळखावाच लागतो असंही नाही. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये असं भगदाड सापडलं की लॉगिन न करताच आत शिरता येत होतं. ब्लूकीप म्हणून ते गाजलं. मायक्रोसॉफ्टला तेव्हा विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली, आणि एक्सपीचं आयुष्य तर २०१४ मध्येच संपलं होतं. विंडोज ११ ला ते भगदाड नव्हतं, पण पुढचं कधी सापडेल ते कुणी सांगावं? दार रस्त्यावर उघडतच नसेल तर ही चिंता पुष्कळ कमी होते.

तर मी काय करतो? दोन्ही कॉम्प्युटरांच्या मधे एक खासगी गल्ली तयार करतो. याला व्हीपीएन म्हणतात. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी वेगळं यंत्र असतं. आपल्याकडच्या दोन-चार कॉम्प्युटरच्या कारखान्याला मी टेलस्केल लावून देतो. ते वायरगार्ड नावाच्या तंत्रावर चालतं, आणि राउटरला हात न लावता, सीजीनॅट असतानाही चालतं, कारण दोन्ही बाजू आतून बाहेर हाक मारतात आणि मधे भेटतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि तुमच्या लॅपटॉपवर ते टाकायचं, दोन्ही एकाच खात्याला जोडायचे. मग प्रत्येक कॉम्प्युटरला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो, आणि रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत १९२ च्या जागी तो टाकायचा. घरची आणि ऑफिसची मालिका एकच असल्याचा घोळही यात आपोआप मिटतो. एक लक्षात ठेवा, हा १०० चा पत्ता आणि मघाचा राउटरवरचा १०० चा पत्ता एक नव्हेत. मालिका तीच वापरली आहे, म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो.

खातं मात्र मालकांच्या नावाने काढा आणि त्यांनी तुम्हाला त्यात जोडून घ्यावं. तुमच्या खासगी जीमेलवर कारखान्याची वाट बांधू नका. उद्या तुम्ही काम सोडलंत किंवा लॅपटॉप हरवला तर मालकांना एका क्लिकवर तो लॅपटॉप यादीतून काढता आला पाहिजे. फुकटची योजना वैयक्तिक वापरासाठी आहे, तेव्हा धंद्यासाठी त्यांची पैशांची योजना बघून घ्या.

यात दोन खाचा आहेत, आणि दोन्हीत लोक हमखास अडकतात. पहिली: विंडोजवर टेलस्केल साध्या रितीने टाकलं तर ते कुणीतरी लॉगिन केलेलं असेपर्यंतच जोडलेलं राहतं. रात्री वीज गेली, कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू झाला, आणि लॉगिनच्या पडद्यावर थांबला, की पुण्याहून तो दिसेनासा होतो. त्यासाठी घड्याळाशेजारच्या चिन्हावरून प्रेफरन्सेसमध्ये जाऊन 'रन अनअटेंडेड' चालू करा. दुसरी खाच: त्याची ओळख साधारणपणे १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा साइन इन मागते. सहा महिने सुरळीत चाललेलं एक दिवस अचानक बंद पडतं, आणि नेमकं तेव्हा ऑफिसात कुणी नसतं. मालकांच्या खात्यातून ऑफिसच्या त्या एका कॉम्प्युटरची की एक्स्पायरी बंद करून ठेवा. तुमच्या लॅपटॉपची चालूच राहू द्या, तो बाहेर फिरतो.

हे सगळं लावून झालं की वाट मोकळी आहे का ते असं बघा. लॅपटॉपवर पॉवरशेल, म्हणजे हुकूम टाइप करायची विंडोजची खिडकी, उघडा, त्यात टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे तो १०० चा पत्ता, पुढे डॅश पोर्ट आणि ३३८९, एवढं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. शेवटच्या ओळीत 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' च्या पुढे ट्रू आलं तर वाट पूर्ण मोकळी. फॉल्स आलं तर ऑफिसच्या बाजूचं बघायचं: सेटिंग्जमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू आहे ना, आणि फायरवॉलच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या, परवानगीच्या यादीत रिमोट डेस्कटॉपपुढे खूण आहे ना. विकत घेतलेला अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते, ती आधी तपासा. मी बघितलेल्या 'काल चालत होतं, आज बंद' प्रकारांत अँटिव्हायरसच्या नव्या आवृत्तीचा हात पुष्कळ वेळा निघाला आहे. नुसतं पिंग करून, म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरला हाक मारून उत्तर येतं का बघून, मात्र निष्कर्ष काढू नका. विंडोज अनेकदा पिंगला उत्तरच देत नाही, आणि कॉम्प्युटर ठणठणीत असतो.

ट्रू आलं आणि तरी आत घेत नसेल तर आता किल्लीकडे वळायचं. इथे नव्वद टक्के वेळा पिन आडवा येतो, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन. ऑफिसात रोज सकाळी जो चार-सहा आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडतात, तो फक्त त्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसासाठी आहे. दुरून खरा पासवर्डच लागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन असेल तर त्या खात्याचा पासवर्ड, आणि तो त्या कॉम्प्युटरवर निदान एकदा प्रत्यक्ष टाकलेला असावा लागतो. अनेकांनी पहिल्या दिवसापासून पिनच वापरलेला असतो, म्हणून बरोबर पासवर्ड टाकूनही दार उघडत नाही. साइन-इन ऑप्शन्समध्ये फक्त विंडोज हॅलोनेच (म्हणजे पिन, बोट किंवा चेहऱ्याने) लॉगिन करू देण्याची एक कळ आहे, ती बंद करा, बाहेर पडा, आणि एकदा पासवर्डने आत या. पासवर्डच ठेवलेला नाही असं खातं असेल तर विंडोज त्याला नेटवर्कवरून घेतच नाही. तो नियम आहे आणि चांगला आहे.

मी स्वतः या भानगडीत पडत नाही. रिमोटसाठी एक वेगळं स्थानिक खातं काढतो, लांबलचक पासवर्ड ठेवतो, आणि ते रिमोट डेस्कटॉप यूजर्स या गटात घालतो. तुमच्यासाठीही तेच सुचवेन. लॉगिन करताना यूजरनेमच्या आधी त्या कॉम्प्युटरचं नाव आणि उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर तुमचा लॅपटॉप स्वतःचंच नाव पुढे करतो. आणि चुकत असेल तर ठोकत बसू नका. २०२२ नंतरचं विंडोज ११ नव्याने टाकलेलं असेल तर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं दहा मिनिटं बंद होतं, मग बरोबर पासवर्डही चालत नाही आणि माणूस आणखी गोंधळतो.

आता सोलापूरची गोष्ट. एवढी सगळी मांडणी बिनचूक असली तरी तिकडचा कॉम्प्युटर चालूच नसेल तर काय उपयोग? आपल्याकडे रिमोट डेस्कटॉप न लागण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि त्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. झोपेचं सेटिंग आधी 'नेव्हर' करा. पडदा बंद झाला तर चालेल, कॉम्प्युटर झोपता कामा नये. मग बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन, वीज परत आल्यावर काय करायचं ते 'पॉवर ऑन' करून ठेवा. नाव प्रत्येक मदरबोर्डवर थोडं वेगळं असतं, बहुतेक ठिकाणी एसी पॉवर लॉस असे शब्द असतात. हे केलं नाही तर वीज येते, ट्यूबलाइट लागते, राउटर उठतो, आणि कॉम्प्युटर मात्र कुणीतरी बटण दाबेपर्यंत निजलेला राहतो. यूपीएस कॉम्प्युटरला असतोच, पण राउटर आणि फायबरचा डबा भिंतीवरच्या साध्या प्लगवर असतो. वीज गेली की कॉम्प्युटर जिवंत आणि वाट मेलेली. त्यांनाही यूपीएसवर घ्या.

राउटर असा बंद-चालू झाला की आतले पत्तेही कधी कधी बदलतात. काल २५ वर असलेला कॉम्प्युटर आज ३१ वर जातो. टेलस्केलवर याने काही अडत नाही, पण ऑफिसातल्या ऑफिसात जोडणाऱ्यांचं अडतं. राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी पत्ता राखून ठेवता येतो, तो ठेवा, आणि त्याला वायफायऐवजी केबलच लावा.

आणि धूळ. हे कुठल्याही माहितीपुस्तकात नसतं, म्हणून जरा थांबून सांगतो. एका टॉवेल कारखान्याचा कॉम्प्युटर एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी दोनच्या सुमाराला गायब व्हायचा. मालकांचा मुलगा बाहेरगावाहून जोडायचा, तो तुटायचा, आणि तासाभराने आपोआप पुन्हा लागायचा. इंटरनेटवाल्याने दोनदा वायर बदलली. मी गेलो, बाजूचं झाकण काढलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली जिथे धातूच्या पात्या दिसायला हव्यात तिथे पांढरी-गुलाबी नमद्यासारखी गादी बसलेली. मागावरून उडालेली सुताची बारीक लव. चिमटीत धरून ओढली तर अखंड निघाली, पात्यांचे ठसे तिच्यावर उमटलेले. बाहेर पारा ४२ च्या वर, पत्र्याखालचं केबिन, आणि प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून तो स्वतःला वाचवायला बंद पडत होता. थंड झाला की मुलगा तिकडून फोन करायचा आणि वॉचमन बटण दाबायचा. हेच त्यांचं 'आपोआप'. ब्लोअरने साफ केलं, कॉम्प्युटर जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला, आणि तो उन्हाळा निभावला. तुमचा कारखानाही टॉवेलचाच आहे. महिन्यातून एकदा झाकण काढून हवा मारायला सांगा. वीज बंद करून, आणि पंखा बोटाने धरून.

लागल्यानंतर तुम्हाला ज्या गोष्टी छळतील त्या आताच सांगून ठेवतो. विंडोज प्रो एका वेळी एकालाच बसू देतं. तुम्ही आत गेलात की ऑफिसातल्या पडद्यावर कुलूप लागतं. ऑफिसातल्या ऑपरेटरने त्याच खात्याने लॉगिन केलं की तुम्ही बाहेर. पाच-पाच मिनिटांनी तुटतंय, इंटरनेट खराब आहे, असं म्हणून मला बोलावलेलं असतं आणि तिकडे नवा ऑपरेटर बिचारा पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत असतो, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. वेळ वाटून घ्या. दोघांना एकाच वेळी काम करायचं असेल तर एक तर दुसरा कॉम्प्युटर हवा, किंवा विंडोज सर्व्हर आणि त्याचे रीतसर परवाने. एका प्रोवर तिघं-चौघं बसवणाऱ्या जुगाडी फाइली फिरतात. परवान्याच्या अटीत ते बसत नाही, आणि विंडोजचा अपडेट आला की बंद पडतं. मी लावत नाही.

प्रिंट कुठे निघते तेही बघा. 'लोकल रिसोर्सेस' मध्ये प्रिंटर्सवर खूण असेल, आणि ती मुळात असतेच, तर तुमचा पुण्याचा प्रिंटर तिकडच्या यादीत रिडायरेक्टेड म्हणून दिसतो आणि प्रिंट बहुधा त्यावर जाते. डिस्पॅचचं चलन ऑफिसातच हवं असतं, तेव्हा प्रिंट देताना ऑफिसचा प्रिंटर निवडा, किंवा जोडण्याआधी ती खूण काढा. तुमच्याकडे पुण्यात कागद हवा असेल तर ती खूण राहू द्या.

जोडणी लागूनही टाइप केलेलं उशिरा उमटत असेल तर स्पीड टेस्टचा मोठा आकडा दाखवू नका, पिंगची वेळ बघा. टॅली सगळं कीबोर्डवर चालतं, त्यामुळे थोडी दिरंगाईही बोटांना कळते. पन्नास-साठ मिलिसेकंदांपर्यंत काही जाणवत नाही, दीडशेच्या पुढे काम करवत नाही, असा माझा अनुभव आहे. ऑफिसच्या बाजूचा अपलोडही बघा, कारण पडद्याचं चित्र तिकडून निघतं. टेलस्केल कधी कधी थेट वाट न मिळाल्याने मधल्या सर्व्हरमार्गे जातं, तेव्हाही संथ होतं. त्याच्या स्टेटसमध्ये डायरेक्ट की रिले ते दिसतं. 'एक्सपीरियन्स' च्या टॅबमधून वॉलपेपर आणि बाकीची सजावट काढली की बराच फरक पडतो. लागल्यावर नुसता काळा पडदा दिसत असेल, तर लॅपटॉपच्या ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे बारीक नियम बदलायचा एडिटर) रिमोट डेस्कटॉपसाठी यूडीपी, म्हणजे चित्र पाठवायची एक पद्धत, बंद करून बघा. तुमचा लॅपटॉप होम आवृत्तीचा असेल तर तो एडिटर तिथे मिळणार नाही, पण दुसरीकडे जोडायला होम चालतं. ज्या कॉम्प्युटरवर जोडायचंय तो मात्र प्रो लागतो.

म्हणूनच हे वाचणाऱ्या ज्यांच्या ऑफिसात होम आवृत्ती आहे, त्यांना माझं सांगणं वेगळं आहे. तुम्ही गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप लावा, तिथे प्रोची अट नाही, पोर्टही उघडावा लागत नाही, आणि कधीतरी जोडायला ते पुरतं. विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, ते आधी मनावर घ्या.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच. बँकेतून बोलतोय, जीएसटी ऑफिसातून बोलतोय असं सांगून कुणी फोनवर ॲप टाकायला लावलं आणि त्यातला नंबर विचारला, तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा दुरून चालवायच्या ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं. ॲप वाईट नसतं, आपण दार कुणाला उघडून देतो ते बघावं. चूक झालीच तर मिनिटही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता तुमची ११ तारीख. पोर्टलवर रिटर्न भरताना तुम्ही मालकांचं डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन वापरत असाल, तर एक अडचण हमखास येणार. टोकन ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावलेलं असलं तरी रिमोट डेस्कटॉपमधून ते दिसत नाही. विंडोज अशा वेळी जोडणाऱ्याच्या बाजूचं स्मार्टकार्ड शोधतं, म्हणजे तुमच्या लॅपटॉपला लावलेलं. मुलगा तिकडून म्हणेल टोकन लावलंय, दिवा लागलाय, आणि तुम्हाला इकडे सर्टिफिकेट सापडत नाही म्हणून येईल. दोघंही खरं बोलत असाल. यावर तीन मार्ग आहेत. मालक ओटीपीवर सही करू शकत असतील तर टोकनचा प्रश्नच मिटला. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि टोकनच लागत असेल, तर टॅलीतून फाइल काढून पोर्टलवर चढवा आणि शेवटची सही ऑफिसात बसलेल्या मालकांकडून करून घ्या. किंवा तेवढ्यापुरतं क्रोम रिमोट डेस्कटॉप लावा, कारण ते समोरचा चालू पडदाच दाखवतं, आणि त्यात टोकन दिसतं. टोकन कुरिअरने पुण्याला मागवू नका. ती मालकांची सही आहे, ती त्यांच्या कपाटातच राहू द्या.

आज रात्री एवढं करा: पोर्ट बंद, झोप बंद, टेलस्केल दोन्हीकडे, रन अनअटेंडेड चालू. उद्या सकाळी कारखाना उघडायच्या आधी, म्हणजे ऑफिसात कुणीही नसताना, पुण्याहून जोडून बघा. नाही लागलं तर स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो आणि टेस्ट-नेटकनेक्शनची शेवटची ओळ इथे टाका. पत्ते आणि पासवर्ड मात्र टाकू नका.